सातोच्या गावचा दगड

मी गाव सोडलं त्या सकाळी माझे वडील, आप्पा, एसटीपर्यंत आले, बॅग वर चढवली आणि एवढंच म्हणाले, "पोचल्यार फोन कर." त्याला बारा वर्षं झाली. गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारख्या इकडे येऊन बसलेल्यांनो, मला एक कबुली द्यायची आहे. एका जपानी माणसाचा मला भयंकर हेवा वाटला आणि त्यापायी मी खोटं बोललो.

सातो दुबईतल्या आमच्या जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये कन्व्हेयर बसवायला आला होता. उत्तर जपानमधल्या किनाऱ्यावरच्या खेड्यातला. चहाच्या ब्रेकमध्ये त्यानं पुठ्ठ्यावर गाव काढून दाखवलं. मागे देवदारांचा डोंगर, पुढे चिंचोळी खाडी, माकूल मासळी वाळत घालायच्या काठ्या, हिवाळ्यात खिडकीपर्यंत बर्फ. डोंगराच्या अर्ध्यावर एक दगड. त्याच्या पणजोबांच्या काळात समुद्र तिथवर चढला, अर्धं गाव गेलं. उरलेल्यांनी दगडावर कोरलं, याच्या खाली घर बांधू नका. आणि दरवर्षी शाळेतली मुलं किनाऱ्यावरून त्या दगडापर्यंत धावत जातात, म्हणजे पायांना वाट पाठ होते.

माझा नुसता जळफळाट झाला. याच्या गावाला भूगोल, याच्या गावाला इतिहास, आणि आमचं मालवणाकडचं गाव म्हणजे काय, मॅपवरचा हिरवा ठिपका? आमची खाडी कुठे वळते तेही मला धड सांगता येईना. मग दिलं ठोकून, "आमच्याकडेपण आहे अशी खूण."

सातो खूश झाला. "फोटो?"

"इन्शाल्ला," मी म्हटलं. टाळाटाळीला हा शब्द इथे फार उपयोगी पडतो. पण हा पडला जपानी. रोज सकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरलो की विचारायचा.

शेवटी आप्पांना फोन केला. समुद्राचं पाणी कधी, कुठवर चढलं होतं, कोणाला आठवतं का? चार दिवस गेले. मग फोटो आला. आप्पांनी मच्छीमारांच्या गाबीतवाड्यातल्या म्हाताऱ्यांना विचारून, जुन्या वादळात पाणी जिथे टेकलं होतं तिथे, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, तांबड्या रंगानं आडवी रेघ ओढली होती. मी फोटो मोठा केला. गडग्याच्या पलीकडे, रेघेच्या कितीतरी खाली, माझा प्लॉट दिसत होता. पडवीतून समुद्र दिसावा म्हणून हट्टानं घेतलेला. पुढच्या महिन्यात पाया खणायचा होता.

लगेच फोन लावला. "आप्पा, तुमका म्हायत होता?"

"होय तर."

"मगे सांगलास नाय कित्या?"

"तू घराचो नकाशो धाडलंस. गावाचा काय इचारलंस?"

लाज वाटली, रागही आला, आणि तो राग आप्पांवर नव्हता.

पाया खलास, तिथलं बांधकाम रद्द केलं. सातोला फोटो दाखवला, खरं काय तेही सांगितलं. तो हसला नाही. हेवा मात्र गेलेला नाही, फक्त माणसं बदलली. आता मला गाबीतवाड्यातल्या त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटतो, आप्पांच्या शेजारी बसून जे रोज गप्पा मारतात. ड्युटी सुटली की मी आप्पांना गावाबद्दल काहीतरी विचारतो आणि ते तासभर सांगत बसतात. घर कुठे बांधायचं, हे अजून विचारलेलं नाही. आधी गाव तरी माझं होऊ दे.