आबांच्या ताटातलं कच्चं

मी पोटापाण्यासाठी शिक्षिका आहे आणि स्वभावानेही शिक्षिकाच. एखादी गोष्ट मला पटली की ती समोरच्याच्या गळी उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरच्यांनी यावर एक तोडगा काढला आहे. वाद घालायचा नाही, मान डोलवायची. हा तोडगा किती महागात पडू शकतो ते गेल्या हिवाळ्यात कळलं.

झालं असं की जळगावातच कच्च्या आहाराचं एक शिबिर होतं आणि मी त्याला गेले. तिथे एका हसऱ्या गृहस्थांनी सांगितलं, अन्नाला विस्तव लागला की त्यातला जीव जातो. मला ते एकदम पटलं, आणि पटायला कारणही होतं. आई साखरेच्या दुखण्याने गेली त्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती, आणि आता माझीही साखर काठावर येऊन उभी होती. मी फार घाबरले होते. शिबिरातून घरी आले, शेगडी लख्ख पुसली आणि तिच्यावर कापड टाकलं. मग सुरू झाले मोडाचे मूग, किसलेलं गाजर, बीट, कोबी आणि सकाळी फ्रिजमधल्या दुधात फिरवलेली केळी. माझं वजन उतरलं. मला हलकं वाटू लागलं आणि मी चारचौघांत असह्य झाले. नवरा नरडाण्याला कारखान्यात, शनिवार-रविवार घरी. ते दोन दिवस तो निमूट गाजर चावायचा. बाकीचे पाच दिवस तो तिकडे काय खातो हे त्याच्या शर्टावरच्या शेवभाजीच्या तेलाने मला कळत होतं, पण मी मोठ्या मनाने दुर्लक्ष करत होते.

अशात आबा आले. आबा म्हणजे माझे वडील. पिंपळनेरजवळच्या गावी आई गेल्यापासून एकटे राहतात, स्वतःची थोडी शेती स्वतःच बघतात. त्यांना टायफॉइड झाला होता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, लेकीकडे राहा, नीट जेवायला लागलात आणि अंगात ताकद आली की खुशाल गावी जा. आबांनी यातलं फक्त शेवटचं ऐकलं. हरभऱ्यात घाटे भरायच्या आत त्यांना शेतावर पोचायचं होतं. रोज सकाळी बांधाशेजारच्या शेतकऱ्याला फोन लावून फुलं लागली का, म्हणून विचारायचे. यंदा गेले नाहीत तर पुन्हा एकटं राहायला जाणं काही होणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

म्हणून मी त्यांना बरं करायचा चंग बांधला. गोळ्या डॉक्टरांच्या आणि ताट माझं. दुपारी शाळेतून आल्या आल्या ताट वाढायचे. आबा म्हणायचे, थंडी वाजते, मागच्या अंगणात उन्हात बसून जेवतो. वीस मिनिटांनी ताट चाटूनपुसून परत यायचं. मला भरून यायचं. माझा नवरा अर्धं गाजर ताटात लपवायचा आणि हा पंच्याहत्तरीचा माणूस बीटसुद्धा ठेवत नव्हता. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी आबांचं उदाहरण द्यायला लागले.

फक्त एक गोष्ट खटकत होती. आबांच्या मनगटातलं चेनचं घड्याळ हात वर केला की घसरत कोपराकडे जायला लागलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी ते मनगटातच थांबायचं. मी विचार केला, मूग कमी पडताहेत. दुसऱ्या दिवसापासून मूठभर वाढवले.

आमच्या मागच्या भिंतीला लागून एक घर बांधलं जात होतं. त्याच्या राखणदाराची बायको तिथेच पत्र्याच्या खोलीत राहायची आणि तिची एक शेळी होती. एका रविवारी ती बाई लोटीभर दूध घेऊन आमच्या दारात आली. म्हणाली, आजोबांमुळे शेळीला चांगलंच दूध सुटलंय, रोज एवढं गाजर-मूग कोण कुणाच्या जनावराला घालतं, म्हणून पहिलं दूध आजोबांना.

मी लोटी घेतली, हसले आणि दार लावलं. मग माझा पारा चढला. लोटी हातात घेऊन तशीच मागच्या अंगणात गेले. आबा उन्हात बसले होते. मी काय काय बोलले ते आता लिहायलाही लाज वाटते. फसवणूक म्हटलं, अन्नाचा अपमान म्हटलं, बरं व्हायचंच नाही का तुम्हाला, असंही म्हटलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. घड्याळ कोपराजवळून ओढून मनगटात आणलं आणि हळूच म्हणाले,

"तुनी माय गई तवपाईन तू भलती घाबरस. तुले नही कसं म्हनू?"

मी आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. समोर कापडाखाली शेगडी होती. माझी भीती कमी व्हावी म्हणून हा माणूस उपाशी राहत होता आणि मी त्याच्या रिकाम्या ताटाच्या गोष्टी सांगत होते. मला स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

पुढच्या सुट्टीला आबांना घेऊन धुळ्याला गेले. तिथे एक वयस्कर वैद्यबाई आहेत, माझ्या एका मैत्रिणीने त्यांचं नाव सुचवलं होतं. एवढं होऊनही बसमध्ये मी मनातल्या मनात वादाची तयारी करत होते. शिबिराची वही पर्समध्ये होती. बाईंनी आबांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. मी वही उघडून सकाळी काय, दुपारी काय, कशात कोणतं जीवनसत्त्व, सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर एवढंच विचारलं,

"यांना भूक लागते का, हे कधी विचारलंत?"

नव्हतं विचारलं. झोप विचारली होती, शौच विचारलं होतं, गोळी घेतली का हे दिवसातून तीनदा विचारलं होतं.

बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, विस्तव पोटातही असतो, त्याला आम्ही अग्नी म्हणतो. आजारपणात तो विझत आला होता आणि तुम्ही वर ओली लाकडं घातलीत. कच्चं वाईट नाही, तुमच्या पोटाला ते चालतंय, खुशाल खा. पण तुमचं पोट तुमचं आणि त्यांचं त्यांचं. केळी आणि दूध एकत्र मात्र दोघांनाही नाही, मग तुमच्या जळगावला कितीही केळी पिकू देत. आबा या वाक्यावर पहिल्यांदा हसले. दोन आठवडे त्यांना फक्त ऊन ऊन आणि पातळ द्यायचं, जेवणाआधी सैंधव लावून आल्याचा तुकडा, आणि भूक लागल्याशिवाय ताटावर बसवायचं नाही. मग कच्चं द्यायचं ते थोडं, भर दुपारी, दात आणि पोट दोघांचं काम आधीच हलकं करून, म्हणजे चांगलं ठेचून. सूर्य कलल्यावर अजिबात नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या.

घरी आल्यावर शेगडीवरचं कापड काढून धुवायला टाकलं. मुगाचं कढण, मऊ भात, जिरं घातलेलं ताक. आबा चार घास खायचे, पण ते चार घास आबांच्याच पोटात जात होते, कारण मी आता समोर बसत होते. मग एक दिवस त्यांनी तूर डाळीची खिचडी मागितली आणि वर कच्चं तेल. आमच्या खानदेशात खिचडीवर घाण्याचं शेंगदाणा तेल कच्चंच ओततात, लहानपणी मी ते भांडून जास्त घ्यायचे. वाटीत तेल ओतताना मला हसू आलं. कच्चं खायला शिकायला मी शिबिराला गेले होते आणि ते आमच्या ताटात, शिजलेल्याच्या जोडीला, पहिल्यापासून होतं.

मग आबांनी कारभार हातात घेतला. माळ्यावरून बडगी काढायला लावली. बडगी म्हणजे भरताची वांगी ठेचायचं लाकडी भांडं. तीत ते कोवळी मेथी, कांद्याची पात, भिजवलेले शेंगदाणे, आलं, थोडं जिरं असं सगळं कच्चंच ठेचायचे, वर तेलाची धार. शेतात दुपारी आम्ही हेच खायचो, म्हणाले, फक्त बाजूला दादरची गरम भाकरी असायची. दादर म्हणजे आमच्याकडची ज्वारी. मी चाखून पाहिलं. माझ्या किसलेल्या कोबीची मला दया आली. त्या शनिवारी नवऱ्याने दोनदा मागून घेतलं. अख्ख्या मोसमात त्याने कच्चं काही मागून घेतल्याची ती पहिली वेळ.

तरी मला खात्री वाटत नव्हती. आबा खात होते, पण माझ्यासाठी खाताहेत की स्वतःसाठी, ते कसं ओळखायचं? एकदा फसलेली मी. विचारलं तर हो म्हणणार, हे ठरलेलंच.

महिना उलटल्यावर एका दुपारी मी शाळेतून आले. पिशवी ठेवते तोच भिंतीपलीकडून शेळी ओरडायला लागली. तिची वेळ झाली होती. या वेळेला गाजर येतं हे ती अजून विसरली नव्हती. मी ताट घेऊन मागे गेले. एका बाजूला गरम भाकरी आणि डाळ, दुसऱ्या बाजूला ठेचलेलं कच्चं. आबा अंगणात पाट टाकून आधीच बसले होते, भिंतीकडे पाठ करून. हातात ताट घेतलं आणि भाकरी मोडता मोडता म्हणाले,

"आज तिले काहीच नही, माय. माले भूक लागनी शे."

मी विचारलं नव्हतं. ते आपणहून म्हणाले. पहिली भाकरी संपवून त्यांनी ताट पुढे केलं तेव्हा घड्याळ मनगटातच होतं. मी आत जाऊन दुसरी भाकरी थापली. ती तव्यावर टाकली आणि नवऱ्याला फोन लावला. रविवारी मोकळा राहा म्हटलं, आबांना गावी सोडून यायचंय, हरभऱ्याला फुलं लागलीत. बाहेर शेळी ओरडतच होती आणि आबा तिच्याकडे वळूनही पाहत नव्हते.