वरच्या वाडीचं पाणी

गावाला पाणी कोण सोडतं, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का? नसेलच. पाणी आलं की कुणी विचारत नाही. नाही आलं की सगळे काशीदजवळच्या आमच्या पंपघरात येतात. मी इथं पाणी सोडते त्याला बारा वर्षं झाली, टाकीत गाळ बसावा तसे किस्से साठलेत. वरची वाडी चढावर आहे. चूक कुणाचीही असो, कोरडी राहते ती वाडी आणि तक्रार होते माझी.

*

सखारामदादा माझ्या जोडीचे, जुने माणूस. चाकाचा व्हॉल्व्ह वीस फेरे फिरवायची सवय. मग बटरफ्लाय व्हॉल्व्ह आला. त्याच्या पोटात गोल चकती असते, ती पाव फेऱ्यात उघडते. दांडा पाइपाच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद. पहिल्याच दिवशी दादा दांड्याला लोंबकळले. म्हणाले, "अजून एकोणीस फेरे बाकी हायेत!"

दांडा वाकला, चकती पुढे फिरून परत बंद झाली. वाडी कोरडी.

*

पुढे दादा शिकले, पण दांडा फाडकन बंद करायचे. एकदा पाण्याचा असा दणका बसला की खालचा जॉइंटच उखडला. फिटर म्हणाला, "धावत्या माणसाच्या तोंडावर दार लावलंत तर तो आपटणारच ना?"

तेव्हापासून दादा दांडा आडवा करता करता अर्धी बिडी संपवतात.

*

ही चकती उघडी असली तरी पाण्यातच उभी असते. टाकी धुताना दादांचा गमछा आत पडला आणि तिलाच गुंडाळला गेला. दोन दिवस वाडीला करंगळीएवढी धार. व्हॉल्व्ह खोलल्यावर दादांनी गमछा पिळला, खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "सवच्छ निघाला."

*

यंदा खाऱ्या वाऱ्यानं दांडा गंजला. फिटरनं तो काढून घासला, रंगवला, परत बसवला. तीन दिवस दांडा पाइपाच्या रेषेतच, आणि वाडीत थेंब नाही. बायका रिकामे हंडे घेऊन आल्या. शेवंताकाकू शांतपणे म्हणाल्या, "बाय, तुझ्यानं होत न्हाय तर सोड. परवा ग्रामसभेत आम्ही दुसरी बाई मागणार हाव."

त्या गेल्यावर मी वाकून बघितलं. दांडा ज्या खुंटीवर बसतो तिच्या टोकाला खाच असते. आत चकती जशी, तशी बाहेर खाच. ती पाइपाला आडवी होती; फिटरनं दांडाच पाव फेरा चुकवून बसवला होता.

दादांना म्हटलं, उद्या सकाळी दांडा आडवा करा.

"येडी झालीस? आडवा म्हंजे बंद. तूच शिकवलंस मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी दांडा आडवा केला, आणि वरच्या वाडीत पाणी आलं.