रस्त्याकडे पाठ करून बसलेली शाळा

मंगळवारी सकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. दिलीपच्या बायकोचा, सुमनवहिनींचा. ‘भाऊजी, हे गेले...’ एवढंच. आदल्या संध्याकाळी हा धडधाकट माणूस माझ्याकडे बटाटेवडे खाऊन, चुकून माझ्याच चपला घालून घरी गेला होता! मला रडू आलं नाही, रागच आला. असं कोणी जातं का? महिना उलटला, तरी तो राग उतरलेला नाही.

अंबरनाथच्या शाळेत आम्ही एका बाकावर. दुपारी एमआयडीसीकडून वारा फिरला की वर्गात असा उग्र वास भरायचा की डोळे चुरचुरायचे. मग खिडक्या लावायच्या आणि पत्र्याखाली उकडून निघायचं. पुढे दिलीप आर्किटेक्ट झाला, मुंबईत नाव काढलं, पण जीव शाळेतच अडकलेला. नवी इमारत बांधायचं ठरलं, तेव्हा बोलावणं यायच्या आधीच हा मैदानात हजर. वारा कसा फिरतो ते पाहायला त्याने मैदानभर उदबत्त्या लावल्या आणि धुराकडे टक लावून बसला. भूमिपूजन आहे असं समजून येणारेजाणारे चपला काढून उभे राहिले. एका आजींनी तर नारळ आणला. दिलीपने तो निमूटपणे फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि पुन्हा धूर बघत बसला.

नकाशा पाहून मात्र कमिटी उखडली. रस्त्याच्या, म्हणजे कारखान्यांच्या बाजूला त्याने नुसती कोरी भिंत दिली होती. सगळ्या खिडक्या मागच्या अंगणाकडे. ‘साहेब, ये स्कूल है या गोडाऊन?’ उल्हासनगरचे एक सिंधी सभासद म्हणाले. ‘शेठ, रोड मत देखो, बच्चों की आँख देखो,’ दिलीपने ऐकवलं. भांडभांडून त्याने हवं तेच बांधून घेतलं. पण त्या शेवटच्या संध्याकाळी वडा हातात तसाच धरून मला विचारत होता, ‘चुकलो असेन तर रे? पोरं पुन्हा खिडक्या लावून बसली तर?’ मी म्हटलं, ‘शाळा भरली की बघू.’

गेल्या आठवड्यात शाळा भरली. दुपारी रस्त्यावर तोच वास होता, लोक नाकाला रुमाल लावून चालले होते. नव्या वर्गात शिरल्याशिरल्या जुन्या सवयीने मी खिडकी लावायला गेलो. ‘अहो, राहू द्या ना,’ बाई म्हणाल्या, ‘इथं कुठे वास येतो?’ मुलं मजेत पाढे म्हणत होती. मी उघड्या खिडकीशी तसाच उभा राहिलो. दिल्या, तू चुकला नव्हतास रे... हे आता सांगू कुणाला?