घोड्याखालचे रिकामे घर

नोकरी सुटून बरीच वर्षे झाली. कितीतरी चेहरे पुसले गेले, पण ठाण्याच्या शस्त्रागारातला एक म्हातारा जमादार मनातून जात नाही. माझ्या हातून होणारा एक मोठा अन्याय त्याने टाळला, तोही दोन साधे प्रश्न विचारून.

मी तेव्हा कल्याणला फौजदार होतो. एका सकाळी खबर आली, की एका वकिलाला त्यांच्याच गड्याने गोळी घातली. जाऊन पाहिले. वकील बैठकीवर लिहीत बसले असताना गोळी मागून खांद्यात शिरली होती. गडी खाडीकाठच्या मिठागरांकडला, पन्नाशीचा. पळून न जाता धन्याची जखम धोतराने दाबून बसला होता. पंचनामा केला, पिस्तूल मुद्देमालात घेतले, गड्याला कोठडीत टाकले. शेजाऱ्याने सांगितले, मुलीच्या लग्नासाठी रजा मागितली म्हणून आदल्या दिवशी धन्याने त्याला झापले होते. झाले, मला कारण मिळाले.

जबानीत त्याचे एकच पालुपद. "सायब, मी मारला नाय. खुंटीवरचा पट्टा उतरवला, त्यानशी पिस्तूल घसरला न् फरशीवर परला. परल्याबरोबर उराला."

वकील अंथरुणातून म्हणाले, "फौजदार, माझं आधीचं बिनघोड्याचं पिस्तूल दहा वेळा पडलं असेल. कधी उडालं नाही. चाप ओढल्याशिवाय हत्यार उडतं का?"

मला ते पटले. गोळी खालून वर गेली आहे, असे डॉक्टर म्हणाले, तर गड्याने वाकून झाडली असेल असे मीच ठरवून टाकले. लग्नाला पाच दिवस होते. मी आरोपाचा कागद लिहून तयार ठेवला.

मुद्देमाल जमा करायला ठाण्याला गेलो. नोंद करताना माझ्याकडून गड्याची आणि वकिलांची जबानी ऐकून जमादाराने पिस्तूल हातात घेतले आणि विचारले, "रावसाहेब, यात काडतुसं किती होती?"

"सहा. चक्राची सहाही घरं भरलेली."

"आणि वकीलसाहेबांचं आधीचं कसलं होतं?"

"बिनघोड्याचं," मी म्हणालो. जमादाराने चष्मा काढून पुसला.

"मग बरोबर. त्यात सगळी कळ पोटात असते. चाप ओढल्याखेरीज आतली सुई पुढे येत नाही. सगळी घरं भरा, खुशाल पाडा. पण चाप जड, नेम हलतो. या घोड्याच्यात हा काडतुसावर ठोका मारणारा घोडा अंगठ्याने मागे घेतला की चाप हलका होतो, नेम छान लागतो. पण एरवी तो उघडा घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. त्यावर ठोका बसला की संपलं. म्हणून आम्ही पाचच भरतो, घोड्याखालचं घर रिकामं ठेवतो. साहेबांनी नव्या हत्यारावर जुनीच सवय चालवली."

त्याने एका काडतुसातली गोळी आणि दारू काढली, नुसती बुडाची ठिणगी पाडणारी टोपी ठेवून ते घोड्याखाली घातले आणि पिस्तूल खुंटीच्या उंचीवरून दगडी फरशीवर सोडले. काही झाले नाही. पुन्हा सोडले, तरी नाही. मी उठायला लागलो. तिसऱ्यांदा घोडा फरशीवर आपटला आणि टोपी फट् दिशी उडाली.

वकिलांना हे सांगितले. ते म्हणाले, "सहा मीच भरली होती. लिहून घ्या." भला माणूस. त्या जबानीवर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी गड्याला सोडले. लग्नाला वकील हात झोळीत घालून बैलगाडीने गेले, आणि मलाही आग्रहाने नेले.

मांडवात गडी माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला धरून म्हणालो, "आभार ठाण्याच्या जमादारांचे मान."

"त्यांचं हायतच सायब. पन तुमी त्यांना इचाराला गेलाव, म्हनून मी आज हितं हाय."

विचारायला मी गेलोच नव्हतो. हत्यार जमा करून जेवायच्या वेळेपर्यंत परतायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. त्या भरल्या मांडवात हे त्याला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. पुढे प्रत्येक जबानी मी ऐकली ती त्या जमादाराचे उपकार मानत, आणि त्या गड्याचे आभार माझ्याकडे चुकून आले आहेत हे लक्षात ठेवून.