पाटीला लावलेला हात

आमच्या नेरूळच्या सोसायटीत कोरोनाचे नियम मी लिहिले. कमिटीत होते ना! दुधाच्या पिशव्या गेटवर, लिफ्टमध्ये एकटं, कोळणीनं गेटबाहेर बसायचं आणि तिच्या पाटीला कुणीही हात लावायचा नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला आजार झाला, तेव्हा त्यांच्या दारावर कागद चिकटवायला मी स्वतः गेले. त्या घरातल्या बाई आतून म्हणाल्या, "अहो, निदान नाव तरी एवढं मोठं नका लिहू." मी म्हटलं, "नियम तो नियम." काय तोरा होता माझा!

पुढच्याच आठवड्यात शनिवारी मी आमटीला लसणाची फोडणी दिली आणि मला वासच आला नाही. हिंगाची डबी नाकाला लावली. मग अगरबत्ती लावून बघितली. छे! ताप नव्हता, खोकला नव्हता, पण मला कळायचं ते कळलं. नवऱ्याला सांगितलं नाही, टेस्ट केली नाही. माझ्या दारावर कागद लागणार आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाई तो वाचणार, या कल्पनेनंच मला घाम फुटला. सगळे नियम मी आजाराला भिऊन नव्हे, लोकांच्या तोंडाला भिऊन पाळत होते, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

रविवारी दिवाळे गावची कोळीण आली. बारा वर्षं आमच्याकडे यायची. मी खाली उतरले नसते तर चार जणींनी विचारलं असतं, बरं नाही का म्हणून. म्हणून गेले. तिनं बोईटाचा कल्ला उघडून दाखवला. "वास घेऊन बघ गो बाय, आताच खाडीतनं आनलाय." मी नेहमी वास घेतल्याशिवाय मासा घेत नाही, तिला ठाऊक. मी मास्क हनुवटीवर ओढला, मासा हातात घेतला, नाकाशी नेला आणि म्हटलं, "हो, एकदम ताजा आहे." माती हुंगायला दिली असती तरी तेच म्हटलं असतं.

निघताना तिला पाटी डोक्यावर घ्यायची होती. बर्फासकट भरलेली पाटी एकटीला उचलवत नाही, समोरून कुणीतरी हात द्यावाच लागतो. वॉचमन माझ्याकडे बघून मागे सरला. नियम माझाच. ती म्हणाली, "सकालपासून कोन हात लावत नाय. तू तरी लाव."

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. माझे हात मासळीनं माखलेले, मास्क हनुवटीवरच. तिच्याही तोंडावरचा पदर बोलता बोलता घसरलेला. दोघींनी वाकून पाटी उचलली. तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर होता. "देव तुजा भला करो," ती म्हणाली आणि गेली.

मग ती आलीच नाही. माझा वास दहा दिवसांत परत आला, कुणाला काही कळलं नाही. तिला आजार माझ्याकडूनच लागला असेल असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हे मी स्वतःला फार वेळा ऐकवलंय, एकदाही पटलेलं नाही.

दीड महिन्यानं ती गेटवर दिसली. गाल बसलेले, चार शब्दांत धाप लागत होती. घरात सगळ्यांना झालं होतं, सासू गेली होती. मी काही बोलायच्या आत तिनंच माझा चेहरा निरखून बघितला.

"तुला काय झाला नाय ना गो? त्या दिवशी पाटी उचलताना माज्या तोंडाव पदर नव्हता. मना वाटला, तुला माज्यापासून लागला आसंल. तापात पन तोच घोर होता."

खरं सांगायला याहून सोपी वेळ मला कधी मिळाली नसती.

"छे, मला कुठे काय झालं," मी म्हटलं.

"बरा झाला गो बाय," ती म्हणाली आणि तिनं डोळे पुसले.