तिन्ही कॉम्प्युटरवरून गेलेला आवाज

फौजेतल्या माणसाशी संसार केला की सामान कमी करायची खोड घराला लागते. बदली आली की माझा नवरा घरभर हिंडतो आणि दोनदा दिसेल त्या वस्तूवर डोळा ठेवतो. दोन झारे कशाला, दोन इस्त्र्या कशाला. तो ट्रंका भरत असतो आणि मी मागून टाकलेल्या वस्तू उचलून आणत असते. या खोडीला मी वर्षानुवर्षं हसत आले.

चंदीगडला आमचे तीन कॉम्प्युटर झाले. त्याचा लॅपटॉप, माझा लॅपटॉप आणि लेकीच्या अभ्यासाचा जुना डबा. तिन्हींना मी एकच क्लाउड खातं जोडलं होतं, म्हणजे एकीकडे टाकलेली फाइल तिन्हीकडे दिसे. मग त्याची बदली सीमेवर झाली आणि लेकीच्या शाळेसाठी आम्ही दोघींनी इथेच राहायचं ठरलं. जायच्या आधीच्या रविवारी डबा जागा संपल्याची कुरकुर करत होता. ‘मी बघतो,’ म्हणून साहेब किन्नूची, म्हणजे इकडच्या संत्र्यांची, ताटली घेऊन बसले.

एक मोठं फोल्डर तिन्हीकडे आहे हे त्याला दिसलं. त्याने ते आपल्या लॅपटॉपवरून आणि डब्यावरून काढून टाकलं. तिसरं माझ्याकडे राहीलच, हा त्याचा हिशेब. पण अशा खात्यात एकीकडून काढलं की सगळीकडून जातं. नुसती त्या मशीनवरची जागा मोकळी करायची सोय त्याच यादीत, एक ओळ खाली होती. इशाराही आला असणार आणि तो न वाचता बंद केला गेला असणार. हुकूम वाचायची सवय असते या लोकांना, सूचना वाचायची नसते.

त्या फोल्डरमध्ये आमच्या लेकीचं लहानपणीचं बोलणं होतं. ती तीन-चार वर्षांची असताना सोलापूरला माझ्या वडिलांशी, आबांशी, रोज फोनवर बोलायची आणि मी ते दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून घ्यायचे. ‘आबा, मी पोळीला तूप लावलं, पण पोळीनं सगळं पिऊन टाकलं,’ असलं काहीतरी, आणि पलीकडून आबांचं खदखदून हसणं. पुढे शाळा बदलत गेल्या, मैत्रिणी बदलत गेल्या आणि ती हिंदीत उत्तरं द्यायला लागली. आम्हीही कंटाळून हिंदीतच विचारायला लागलो. तिला मराठी समजतं, असं मी लोकांना सांगायचे. मनात मात्र वाटायचं, तिचं मराठी आपल्याकडे ठेवलेलं आहे, जाणार कुठे?

उन्हाळ्याआधी आबा आमच्याकडे राहायला आले. आजोबा-नातीचं बोलणं ‘कशी आहेस’ आणि ‘ठीक’ एवढ्यावर अडलेलं. चौथ्या-पाचव्या दिवशी आबा चहा पिता पिता म्हणाले, तिचं ते जुनं बोलणं लाव की जरा. मी हौसेने लॅपटॉप उघडला. फोल्डर नव्हतं. डबा पाहिला, तिथेही नव्हतं. खात्याची कचरापेटी ठरलेल्या मुदतीनंतर आपोआप रिकामी होते, ती मुदत केव्हाच उलटली होती.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन लागला. तो सहज म्हणाला, ‘अगं, तिन्हीकडे तेच होतं. तुझ्याकडच्याला तर मी हातही लावला नाही.’ एकीकडून काढलं की सगळीकडून जातं, हे मी त्याला सांगितलं. मग त्याने विचारलं, ‘आबांना सांगितलंस?’ त्याच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं, पण त्याचा आवाज ऐकून तेही जमलं नाही.

आबा म्हणाले, ‘जाऊ दे. पोरगी आहे की समोर.’ त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि शाळेचं काहीतरी विचारलं. ती बिचारी मनापासून धडपडली. एक मराठी वाक्य जुळवायला घेतलं, मध्येच अडकली, माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मम्मा, आप बता दो ना.’ आबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी मान खाली घालून कप उचलले.

आबा परत गेल्यावर मला वाटलं, आता फोनही कमी होतील. झालं उलटंच. परवा मी भाजी निवडत होते आणि लेक बाल्कनीत आबांशी अर्धा तास बोलत होती, हसत होती. फोन स्पीकरवर होता. जन्म सोलापुरात काढलेला माझा बाप पंचाहत्तरीत हिंदीचा एकेक शब्द शोधत विचारत होता, ‘बेटा, तुम्हारा जेवण हुआ क्या?’ आणि ती न अडखळता सगळं सांगत होती. दोघं किती खूश होते. मला आनंद व्हायला हवा होता. मी नळ सोडला आणि पोटभर रडले.