मल्हारीदादा आणि एकवीस हजार पावलं

मल्हारी बोडके यांच्या पोटाचं आणि एसटीच्या स्टिअरिंगचं गेली चार वर्षं भांडण चालू होतं. आधी नुसती नजरानजर होती, मग अधूनमधून घासाघीस सुरू झाली, आणि यंदा पावसाळा सरता सरता अशी पाळी आली की उजवीकडे वळायचं तर दादांना आधी श्वास आत ओढावा लागे. नाशिकहून पेठला जाताना सावळघाटात वळणांना काही तोटा नाही. कंडक्टर वाल्मीक आहिरे मागून प्रवाशांना आधीच सांगून ठेवायचा, "दादांनी श्वास घेतला. धरून बसा, वळण शे."

वाल्मीक सटाण्याकडचा, बोली अहिराणी: 'आहे'चं 'शे', 'चालला'चं 'चालना'. त्याच्या बोलण्यात कधी 'आहे' सापडलाच, तर तो बिचारा वाट चुकून आलेला असायचा.

दादा सव्वीस वर्षं याच रस्त्यावर. कुठल्या वाडीवरचा कुत्रा गाडीमागे कुठपर्यंत धावतो आणि कुठे कंटाळून बसतो, हे त्यांना पाठ. करंजाळीच्या अलीकडे एका घरापुढे ते रोज एक लांब हॉर्न द्यायचे. कारण त्या हॉर्नवर आतली बाई चुलीवरचं दूध उतरवायची. दादा एकदा तीन दिवस रजेवर गेले, तर तीन दिवस त्या घरात दूध उतू गेलं. ही गोष्ट ते लग्नात, बारशात आणि एकदा तर दहाव्यालासुद्धा सांगून आले होते.

आणि अशा माणसाला वार्षिक तपासणीत डॉक्टर मनाली म्हणाल्या, "काका, बसा. म्हणजे, बसताच तुम्ही. तोच प्रॉब्लेम आहे."

डॉक्टर मनाली वयानं लहान, बोलायला विनाथांबा. "शुगर बॉर्डरच्या पलीकडे, बीपी घाट चढतंय, वजनाबद्दल आपण नंतर बोलू, खरं तर आत्ताच बोलू, बारा किलो जास्त आहे. पूर्ण वर्षाचं फिट सर्टिफिकेट मी देऊ शकत नाही. तीन महिन्यांचं देते. रोज आठ हजार पावलं चालायचं. फरक दिसला तर स्टिअरिंग तुमचं. नाही दिसला तर डेपोत टेबल."

बाकीचं सगळं दादांच्या एका कानातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर गेलं. 'टेबल' तेवढं आत अडकलं. ज्यांचं स्टिअरिंग सुटलं ते डेपोतल्या टेबलाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायचे, हे त्यांनी पाहिलं होतं. टेबलाला ना हॉर्न, ना आरसा. टेबल घाटात जात नाही. टेबलामागे कुत्रा धावत नाही.

पुण्याला शिकणाऱ्या चैतालीनं वडिलांसाठी लगेच पावलं मोजणारा पट्टा पाठवून दिला. "पप्पा, डाव्या मनगटावर घाला आणि काढूच नका," एवढंच तिनं फोनवर सांगितलं. दादांनी घातला, पेठच्या दोन फेऱ्या केल्या, आणि घरी येऊन पाहिलं तर पट्ट्यावर आकडा होता एकवीस हजार चारशे सोळा.

दादा सोफ्यावर बसले ते एखाद्या मोहिमेवरून परत आल्यासारखे. "डॉक्टरीणबाईंनी आठ सांगितले. आपण एकवीस केले. नाय म्हणजे, आपलं शरीर मुळात कष्टाचं हे."

त्यांच्या पत्नी लताबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, आत्ता जिना चढताना तुम्ही तीनदा थांबलात. एकवीस हजार कुठं चाललात?"

"ड्यूटीवर."

"ड्यूटीवर तर बसता."

"बसतो? अगं, क्लच दाबला, एक पाऊल. ब्रेक दाबला, दुसरं. घाटात तर माझी नुसती पळापळ असते."

"मग मी शिलाई मशीन चालवते. मी एव्हाना मुंबईला पोचले असेन," लताबाई म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

पण मशीन खोटं बोलत नाही यावर दादांचा पक्का विश्वास होता. माणूस बोलेल. लताबाई तर रोजच काहीतरी बोलायच्या. पण पट्ट्याला काय पडलंय?

आणि एवढे कष्ट झाले म्हटल्यावर शरीराला परत द्यायला नको? पेठला पोचल्यावर दादा पूर्वी एक वडापाव खायचे, ते आता दोन खाऊ लागले. एक भुकेचा, एक पावलांचा.

त्यांच्या सिडकोतल्या कॉलनीत 'सूर्योदय आरोग्य मंडळ' होतं. मंडळाचा नियम असा की रविवारी सकाळी सगळ्यांनी मिळून दोन किलोमीटर चालत मिसळ खायला जायचं आणि रिक्षानं परत यायचं. मिसळीवर तर्री किती घ्यायची हे आठवडाभरातल्या पावलांवर ठरे. त्या हिशेबानं मल्हारीदादांच्या वाट्याला तर्री ताटलीतून नाही, जगमधून येऊ लागली. चालत जायचं तेवढं मात्र त्यांना जमायचं नाही. पहाटेची फेरी आटपून ते थेट मिसळीवरच हजर व्हायचे. हातातला आकडा बघून त्यांना कोणी काही म्हणत नसे.

मंडळाचे अध्यक्ष शेखर देवरे. हे गृहस्थ साधं 'पाणी द्या' म्हणायचं तरी दोन बोटं हवेत धरून म्हणायचे. "बेसिकली, मल्हारीराव," ते म्हणाले, "चालणं म्हणजे बाहेरून चालणं नव्हे. चालणं म्हणजे बेसिकली आतून चालणं."

"मी आतूनच चालतो," दादा खरं तेच बोलले. गाडीच्या आतून.

मंडळाची पावलांची दोन महिन्यांची स्पर्धा संपली तेव्हा मल्हारी बोडके पहिले आले. बारा लाखांच्या वर पावलं. दुसरा नंबर आलेला निवृत्त पीटी मास्तर चार लाखांवर हाशहुश करत होता. सत्कार पांडवलेणीच्या पायथ्याशी ठरला. शाल, श्रीफळ, हातभर उंचीचा सोनेरी कप, आणि नंतर विजेत्यानं सगळ्यांच्या पुढे राहून लेण्यांपर्यंत चढायचं, असा कार्यक्रम.

शेखररावांचं भाषण पंचवीस मिनिटं चाललं. त्यात 'बेसिकली' एकोणचाळीस वेळा आलं. शेवटी त्यांनी दोन बोटांनी वरच्या लेण्यांकडे दाखवलं आणि म्हणाले, "चला, मल्हारीरावांच्या मागे."

मल्हारीदादा पुढे झाले. खांद्यावर शाल, एका काखेत नारळ, दुसऱ्या काखेत कप. पहिल्या दहा पायऱ्या रुबाबात गेल्या. विसाव्या पायरीला त्यांनी मागे वळून नाशिक शहराचं कौतुक केलं. तिसाव्याला पुन्हा कौतुक केलं, शहर तेच होतं. चाळिसाव्याला कौतुक करायला तोंडातून शब्द फुटेना. त्रेचाळिसाव्या पायरीवर ते कपाला मिठी मारून खाली बसले. घशातून आवाज येत होता तो एअरब्रेक सोडल्यासारखा, फुस्स, फुस्स.

मागे अख्खं मंडळ उभं. विजेत्याच्या पुढे जायचं नाही असं ठरलेलं, त्यामुळे कोणी पुढेही जाईना. पीटी मास्तर उगाच जागच्या जागी गुडघे उचलत राहिले.

तेवढ्यात खालून लंकाबाई आल्या. वय सत्तरीला टेकलेलं, डोक्यावर काकड्या-पेरूंची पाटी, पायात झिजलेली चप्पल. पेठकडून दादांच्याच गाडीनं येऊन त्या इथं पायऱ्यांवर माल विकायच्या.

"आगं बया, डायवर तुम्ही?" त्या थांबल्या. पाटी डोक्यावरच होती. "काय झालं? पंक्चर?"

"स्पर्धा," दादांनी श्वासाच्या फटीतून एक शब्द बाहेर काढला. "जिंकलो."

"कसली?"

"चालायची."

लंकाबाईंनी आधी कपाकडे पाहिलं, मग दादांकडे, मग पुन्हा कपाकडे. "तुम्हाला कवा चालताना पाह्यलं नाय मी. घाट बी गाडी चढती, तुम्ही बसलेले आसता," त्या म्हणाल्या. एक काकडी काढून त्यांनी दादांच्या कपात ठेवली. "खा. लय घाम आलाय. मी वर जाऊन येते."

आणि त्या गेल्या. टुकुटुकु, एकसारख्या, न थांबता. काकडी संपायच्या आत वरून परतही आल्या, खालून दुसरी पाटी न्यायची होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी दादा ड्यूटीवर आले. करंजाळीच्या अलीकडचा हॉर्नसुद्धा त्यांनी एवढासाच दिला. दूध उतू गेलं की नाही कोण जाणे. घाट सुरू होण्याआधी त्यांनी गाडी बाजूला घेतली, मनगटावरचा पट्टा काढला आणि गिअरच्या दांडीला बांधला. ती दांडी म्हणजे हिवताप झालेला माणूस. गाडी चालू झाली की थरथर, घाट लागला की आणखी थरथर, आणि दादांचा डावा हात सव्वीस वर्षं तिच्यावर टेकलेला.

पेठ आलं. वाल्मीकनं वाकून पट्टा पाहिला.

"दादा, नऊ हजार."

"कोणाचे?"

"गिअरचे. गिअर नऊ हजार पावलं चालना. गाडीचं शुगर एकदम नॉर्मल शे."

दादा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. पोट नेहमीच्या जागी टेकलेलं होतं. "वाल्मीक, तीस दिवस राहिलेत. मग टेबल."

वाल्मीक मग गाडीतून खाली उतरला. "उतरा दादा. पेठला आपला चाळीस मिनिटं हॉल्ट शे. चाला."

दादा उतरले. उभे राहिले. उभेच राहिले.

"चाला ना."

"चालतो की." पण पाय निघेनात. दादांनाच नवल वाटलं. डोकं सांगत होतं चल, आणि पाय कसली तरी वाट बघत होते.

वाल्मीक शहाणा माणूस. तो परत गाडीत चढला आणि घंटेची दोरी दोनदा ओढली. टिंग टिंग.

मल्हारीदादा निघाले.

सव्वीस वर्षं डबल बेल मिळाल्याशिवाय ते जागचे हलले नव्हते, आता तरी कसे हलणार? ते तालात स्टँडला वळसा घालून आले, वळताना उजवा हात बाहेर काढला, एका म्हशीला बाजू दिली आणि वाल्मीकनं एक बेल देताच थांबले.

तेव्हापासून बोडक्यांच्या घरात देवघरातली घंटा गॅलरीत आली. पहाटे दादा खाली फाटकाशी उभे राहायचे, लताबाई वरून दोनदा घंटा वाजवायच्या आणि गाडी सुटायची. पहिल्या दिवशी ते कोपऱ्यावरच थांबले.

"काय झालं?" लताबाईंनी वरून विचारलं.

"थांबा हे. विनंती थांबा."

"कोणी उतरत नाही. निघा," लताबाई म्हणाल्या. टिंग टिंग.

हळूहळू थांबे कमी झाले. पहिला आठवडा 'साधी' होती, दुसऱ्यात 'जलद' झाली, तिसऱ्यात लताबाईंनीच 'निमआराम' अशी घोषणा केली. दादांनी पायाला तेल चोळून ती मान्य केली. पेठचे वडापाव दोनावरून शून्यावर आले. लंकाबाई गाडीत चढताना एक काकडी पुढे सरकवायच्या, "डायवर, डिझेल." जिन्यात आता थांबावं लागत नव्हतं, झोप गाढ लागत होती, आणि मंडळातून शेखररावांनी "मल्हारीरावांचा आकडा का घसरला?" असं विचारलं तेव्हा दादांनी उत्तर दिलं, "आता मी चालतो ना, म्हणून."

शेखररावांना हे फार खोल वाटलं. पुढच्या रविवारी त्यांनी ते स्वतःचं म्हणून वापरलं.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर मनालींनी कागद पाहिले, पुन्हा पाहिले आणि पेन खाली ठेवलं. "पाच किलो कमी. बीपी खाली उतरलंय. शुगर अजून थोडी आहे, पण दिशा बरोबर आहे, म्हणजे छान आहे, म्हणजे बघू या. काका, या कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालून दाखवा. धाप लागली नाही तर सही करते."

दादा कॉरिडॉरमध्ये गेले आणि उभे राहिले.

"चला, काका."

दादा उभेच. कपाळावर घाम. सगळं जमलं होतं आणि नेमकं आत्ता पाय ऐकेनात. देवघरातली घंटा सिडकोत होती आणि टेबल इथून दोन इमारती पलीकडे.

"काका, काही दुखतंय का? चक्कर येते आहे का? बसता का?"

सोबत आलेला वाल्मीक बाकड्यावरून उठला. डॉक्टरांच्या टेबलावरचा स्टीलचा पेला आणि पेन त्यानं उचललं, "मॅडम, एक मिनिट शे," म्हणाला आणि पेल्यावर पेन दोनदा आपटलं.

टिंग टिंग.

मल्हारी बोडके सुटले. सहा मिनिटं कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक वळणाला हात दाखवत, समोरून येणाऱ्या स्ट्रेचरला बाजू देत. श्वास आत ओढावा लागला नाही. वाल्मीकनं पेल्यावर एकदा टिंग केलं तेव्हा ते बरोबर डॉक्टरांच्या दारात, फरशीवरच्या पिवळ्या पट्टीला पाय लावून थांबले.

डॉक्टर मनालींनी सही केली. पहिल्यांदाच त्या काहीही न बोलता काही करत होत्या.

तो हातभर सोनेरी कप आता पेठच्या गाडीत आहे. गिअरच्या शेजारी, तारेनं घट्ट बांधलेला. गाडी घाटाला लागली की दोघं मिळून थरथरतात. कुणी नवा प्रवासी विचारतो, डायव्हर साहेबांना कशाबद्दल मिळाला? वाल्मीक तिकीट फाडता फाडता सांगतो, "त्यांना नाही, गिअरला. दादांना काकडी मिळनी."